आईचं प्रेम ओळखायचं कसं आणि त्यातलं थोडं शिकून घ्यायचं कसं

आमच्या आईने आजवर मला 'माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे' असलं काही म्हटलेलं नाही, आणि उद्या अचानक म्हणाली तर मी आधी तिला दवाखान्यात घेऊन जाईन. आमच्याकडे पाटणच्या बाजूला, सातारा जिल्ह्यात, असं बोलायची पद्धतच नाही. जे काय असतं ते ताटात असतं, पिशवीत असतं, वाकळेत असतं आणि बरंचसं शिव्यांमध्ये असतं. बारकं असताना ते दिसत नाही कारण रोजचंच असतं.

मी १७ व्या वर्षी शिकायला घराबाहेर पडलो, आता ३६ चा आहे, पुण्यात राहतो, चार वर्षांची पोरगी आहे. बायको नर्स आहे, तिची शिफ्ट फिरती, त्यामुळे पोरीचं तेल-वेणी, डबा, रात्री उठणं यातलं बरंच माझ्या गळ्यात आलं आणि तेव्हा कळलं की आई जे जे करायची त्यातलं एकही काम मला धड येत नाही. मग तीन-चार वर्षं तिच्या मागे लागून, फोन करकरून, बोलणी खाऊन जे जमा केलं ते इथे लिहून ठेवतोय. ज्यांची आई अजून फोन उचलते त्यांनी तर वाचाच.

'जेवला का रं' ला उत्तर कसं द्यायचं

सोप्यापासून सुरुवात करू. आईचा फोन येतो, पहिला प्रश्न 'जेवला का रं?' आणि आपण म्हणतो 'हो'. इथेच चुकतं. हो म्हणून तुम्ही विषय संपवता आणि तिने तर विषय काढायला विचारलेलं असतं. उत्तर असं द्यायचं, 'जेवलो, मेथी होती, दोन भाकऱ्या खाल्ल्या, वरून ताक.' एवढं म्हटलं की बघा, पुढची दहा मिनिटं तीच बोलते, मेथी कुठनं आणली, जुडी केवढ्याला, निवडली का नुसतीच कापून टाकली, लसूण घातला का. बाहेर खाल्लं असेल तर खोटं बोलू नका, तिला आवाजावरून कळतं, कसं कळतं ते मला विचारू नका.

'पोचला की फोन कर' हा त्याच जातीतला. एकदा कोल्हापूरहून यायला रात्रीचे दोन वाजले, म्हटलं आता कुठे उठवायचं म्हातारीला, सकाळी सहाला केला तर पहिल्या रिंगला उचलला आणि मागनं वडिलांचा आवाज, 'आता तरी झोप म्हणावं'. तेव्हापासून माझा नियम आहे, कितीही वाजू दे, एक मिस्ड कॉल द्यायचाच. ती उचलत नाही, रिंग वाजून बंद झाली की तिचं काम झालं.

आणि 'बारीक झालास' या वाक्याचा वजनकाट्याशी काही संबंध नाही. माझं वजन ६८ चं ८१ झालं त्या सगळ्या वर्षांत मी दरवेळी गावी गेलो की बारीकच झालेलो असायचो. यावर वाद घालायचा नाही, अजून एक भाकरी घ्यायची.

'मला नाही आवडत' म्हणजे काय

घरात आंबा कापला की फोडी पोरांना आणि कोय आईला, हे तुमच्याकडेही असेल. मला तर कॉलेज संपेपर्यंत खरंच वाटायचं की आईला कोयच आवडते. दुधाच्या भांड्याची खरवड, कढईला चिकटलेली भाजी, मोडलेली भाकरी, हे सगळं तिच्या 'आवडीचं'. मग एकदा मावशीकडे लग्नाला गेलो होतो, तिथे आईच्या ताटात कुणीतरी आंब्याच्या फोडी वाढल्या आणि तिने त्या एकामागून एक अशा खाल्ल्या की मी बघतच राहिलो.

तर तपासायची पद्धत अशी आहे. विचारायचं नाही. 'आई तुला देऊ का' म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'नको, तुम्ही खावा'. कापताना पहिली फोड काढायची आणि सरळ तिच्या ताटात ठेवायची, आणि लगेच दुसऱ्या विषयावर बोलायला लागायचं, म्हणजे तिला परत द्यायला सवड मिळत नाही. साडीचं पण तेच, दुकानात नेऊन 'घे तुला आवडेल ती' म्हणालात तर ती सगळ्यात स्वस्त उचलणार आणि वर म्हणणार हीच बरी दिसते. आधी बघून घ्यायचं, किमतीची चिठ्ठी काढून टाकायची, आणि घरी गेल्यावर द्यायची. बोलणी बसतात. बसू देत.

पिशवी

हा खरा मोठा विषय. कॉलेजला मी कराडला खोली करून राहायचो, आणि आमच्या भागातल्या बऱ्याच पोरांसारखा माझाही डबा सकाळच्या पहिल्या एसटीने यायचा. फडक्यात बांधलेला, वर चिठ्ठी लावलेली, ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर ठेवलेला. स्टँडवर आम्ही आठ-दहा पोरं वाट बघत उभी असायचो. आईच्या मायेचं उदाहरण द्यायचं म्हटलं की सगळे रायगडावरच्या हिरकणीचं देतात, बरोबरच आहे, पण हिरकणी कडा एकदा उतरली, आमची आई तीन वर्षं रोज साडेचारला उठून भाकरी थापत होती आणि त्याचा कुठे बुरूज बांधलेला नाही. असो.

आता डबा नाही, महिन्याकाठी पिशवी येते. त्यात काय असतं ते प्रत्येक घराचं वेगळं, आमच्यात ज्वारीचं पीठ, चटणी (आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याला नुसतं चटणीच म्हणतात, पुण्यातल्या लोकांना वाटतं इडलीबरोबरची), शेंगदाण्याचं कूट, सांडगे, कुरडया, हुलग्याचं (कुळथाचं) पीठ, लोणचं, आणि थंडी असली तर डिंकाचे लाडू. ज्यांना आता स्वतः पोरांसाठी अशी पिशवी भरायचीय, हॉस्टेलला वगैरे, त्यांच्यासाठी तिने सांगितलेल्या गोष्टी.

पीठ गिरणीतनं आणलं की लगेच पिशवीत कोंबायचं नाही. गरम असतं, तोंड बांधलं की आत घाम सुटतो आणि आठ दिवसात कुबट वास यायला लागतो. परातीत किंवा वर्तमानपत्रावर पसरून पूर्ण गार करायचं आणि मगच भरायचं. आणि एकदम पाच किलो देऊ नका, ज्वारीच्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, मग भाकरी थापताना कडेने चिरत जाते आणि पोरगं कंटाळून पाव खातं. दोन किलो पुरे. विरी गेलीच असेल तर पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, बऱ्यापैकी सावरतं.

लोणच्याच्या बरणीची तऱ्हा सगळ्यांनी एकदा तरी भोगलेली असते, माझी एक अख्खी बॅग जीन्ससकट कैरीच्या तेलात गेली होती. आई आता असं करते, बरणीचं तोंड आतून बाहेरून कोरड्या फडक्याने पुसायचं, त्यावर प्लास्टिकचा कागद दुहेरी करून ठेवायचा आणि त्याच्यावरून झाकण घट्ट फिरवायचं. मग ती बरणी एका स्टीलच्या डब्यात उभी ठेवून भोवती जुनी चिंधी ठासायची. चटणी दोन पिशव्यांत, मधे वर्तमानपत्र, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास.

विमानाने जाणारं पोरगं असेल तर लोणचं हातातल्या बॅगेत देऊ नका, मोठ्या बॅगेत टाका, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊच नका. त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमान कंपन्यांच्या यादीत सुकं खोबरं धोक्याच्या मालात मोडतं. एअरपोर्टवर बाहेर काढून ठेवायला लावतात आणि मग आईला ते सांगायचं म्हणजे अजून वेगळं दुःख.

तिचा 'अंदाज' वजनात कसा पकडायचा

आईला रेसिपी विचारणं हा वेळेचा अपव्यय आहे. 'किती घालायचं?' 'अंदाजानं.' 'म्हणजे किती?' 'आरं बसंल एवढं.' काय बसंल, कुठे बसंल, काही पत्ता नाही. मी दोन वर्षं असंच विचारत होतो आणि माझ्या भाजीला दरवेळी वेगळी चव.

मग एका दिवाळीत मी एक युक्ती केली, आणि या लेखातलं हे एवढं जरी केलंत तरी चालेल. किचनमधला साधा डिजिटल काटा असतो ना, तो घेऊन गेलो. तिला काही मोजायला लावायचं नाही, ती चिडते, आणि मोजायला लागली की तिचा हातच चुकतो. तिने डबे काढायच्या आधी प्रत्येक डब्याचं वजन करून ठेवलं, तुपाचं, गुळाचं, खोबऱ्याचं, सगळ्यांचं. तिला हवं तसं करू दिलं. झाल्यावर परत सगळ्या डब्यांचं वजन केलं आणि वजाबाकी. बस. तिचा अंदाज कागदावर आला. वडील म्हणाले हा काय किराणा दुकान काढतोय का.

त्याच वेळी तिच्या मुठीचंही वजन केलं. तिची शेंगदाण्याची एक मूठ ४२ ग्रॅम, माझी ६१. म्हणजे इतकी वर्षं ती 'दोन मुठी घाल' म्हणायची आणि मी जवळजवळ दीडपट घालत होतो. भाजी पिठूळ का होते ते तेव्हा कळलं.

तर डिंकाचे लाडू, त्या वजाबाकीवरून वाटीच्या मापात आणलेले. किसलेलं सुकं खोबरं दोन वाट्या, खारकेची पूड एक वाटी, डिंक अर्धी वाटी, खसखस पाव वाटी, बारीक चिरलेला गूळ दीड वाटी, तूप पाऊण वाटी, वेलची आणि थोडं जायफळ. डिंक आधी दोन तास उन्हात ठेवायचा, हे ती कधी सांगतच नाही कारण तिच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नाही. दमट डिंक वरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, मग लाडू खाताना दाताला चिकटतो. खडे मोठे असतील तर फोडून हरभऱ्याएवढे करायचे, तूप मध्यम आचेवर तापवायचं आणि थोडा थोडा डिंक टाकायचा, एकदम ओतायचा नाही. फुलला की एक काढून बोटाने चुरून बघायचा, आत काचेसारखा खडा लागला तर अजून वेळ आहे. सगळा तळून झाला की वाटीच्या बुडाने चुरायचा, मिक्सरला लावला तर पीठ होतं आणि मजा जाते.

खोबरं कोरडंच भाजायचं, तांबूस होईपर्यंत, गॅस बारीक, आणि फोन बाजूला ठेवून, कारण पांढऱ्यापासून तांबूस व्हायला आठ मिनिटं लागतात आणि तांबूसपासून करपायला अर्धं मिनिट. मग खसखस भाजायची. शेवटी उरलेल्या तुपात गूळ घालायचा आणि इथेच माझे पहिल्या वर्षीचे लाडू वाया गेले, मी गुळाचा पाक केला. पाक करायचा नाही. गूळ नुसता विरघळला, एखादा बुडबुडा आला की गॅस बंद आणि सगळं मिश्रण आत. पाक झाला की लाडू असे होतात की वडिलांनी एक हातात घेऊन भिंतीवर आपटून दाखवला होता. मिश्रण गरम असतानाच वळायचे, हाताला चटका बसतो, आईला बसत नाही, तिचे हात तव्यावरची भाकरी बोटाने उलटतात. वीसेक लाडू होतात.

सर्दी-तापाचं खाणंही तसंच लिहून घ्या. आमच्यात हुलग्याचं माडगं करतात, हुलगे भाजून दळलेलं पीठ दोन चमचे, थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग उकळत्या गुळाच्या पाण्यात ओतून ढवळत शिजवायचं, चिमूटभर मीठ. पोरगी नाक मुरडत पिते, मीपण मुरडायचो.

दृष्ट काढणे, खरी आणि व्हिडिओ कॉलवरची

मी दृष्ट मानत नाही. हे आधी सांगतो कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटणार नाही.

मागच्या वर्षी एका लग्नाहून परत आलो आणि पोरगी रडायला लागली ती थांबेचना. ताप नाही, पोट मऊ, कान दुखत नाही, बायको ड्युटीवर, रात्रीचे अकरा. आईला फोन केला तर तिने एकच विचारलं, 'कुठला फ्रॉक घातलावता?' म्हटलं पिवळा. 'मग झालं. व्हिडिओ लाव.' आणि फोन पोरीच्या तोंडासमोर धरायला लावून तिकडे तिने स्वयंपाकघरात स्वतःच्या मोबाईलवरून मीठ-मोहरी ओवाळली. मला इकडे स्क्रीनवर फक्त तिची मूठ आणि हिरव्या बांगड्या गोल गोल फिरताना दिसत होत्या आणि पुटपुटणं ऐकू येत होतं, 'आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, कुणाची लागली असंल ती जळून जाऊ दे'. मग तिने ते चुलीत टाकलं आणि विचारलं, 'ठसका लागला का?' म्हटलं आई, मला इथे पुण्यात कसा लागेल? म्हणाली, 'मला बी नाही लागला. म्हंजी दृष्टच होती.' पोरगी तोपर्यंत बांगड्या बघत बघत गप्प झाली होती, पाच मिनिटांत झोपली. दमली होती हो, दुसरं काय. पण मलाही झोप लागली, तेही खरं.

करायची असेल तर रीत अशी. तिन्हीसांजेला पोराला पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या, पाच किंवा सात, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ओवाळायचं, आणि विस्तवात टाकायचं. मिरचीचा खाट उठला, ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर होती. फ्लॅटमध्ये मात्र जरा डोकं वापरा. गॅसवर मिरच्या जाळल्या की शेजारचे बेल वाजवतात, आणि दमा असलेल्या पोराच्या छातीला तो धूर वाईट. मी नुसतं मीठ ओवाळतो आणि बेसिनमध्ये पाण्यात सोडतो. आईला हे मान्य नाही. 'पाण्यात सोडल्यावर जळणार कशी?' प्रश्न बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही.

वाकळ

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा. आईची जुनी लुगडी, साड्या, वडिलांची धोतरं, फाटलेले शर्ट, सगळं एकात एक. विकतच्या रजईपेक्षा जड असते, धुवायला त्रास असतो, आणि तिच्याखाली जी झोप लागते ती दुसऱ्या कशाखाली लागत नाही.

पूर्ण वाकळ मी अजून शिवलेली नाही, पोरीपुरती छोटी एक केली, तेवढ्यावरून सांगतो. कापड फक्त सुती आणि वापरून मऊ झालेलं घ्यायचं, सिंथेटिक साडी आत घातली तर थर एकमेकांवरून सरकतात आणि सुई अडते. वरचा आणि खालचा थर जरा धडका, मधले फाटके चालतात. नऊवारी लुगडं असेल तर ते चार घड्यांत दुमडलं की साधारण दोन मीटर लांबीचे चार थर आयतेच होतात. जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, वरवंटा, डबा, काहीही, आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जागेवर बसवून घ्यायचं. हे वगळलं तर मधे फुगा येतो. मग मोठी सुई, जाड पांढरा दोरा, कडेपासून सुरुवात आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत धावदोरा. अंगठ्याला फोड येतो. माझ्या ओळी वाकड्या आल्या, आईने बघितलं, काही बोलली नाही, रात्री उशिरा उठून दोन ओळी उसवून परत घातल्या. सकाळी म्हणते मी हात नाही लावला.

प्रेम नको तिथे असेल तर

हे पण सांगितलं पाहिजे. बाळ झाल्यावर आई आणि सासूबाई दोघींची माया एकदम उतू जाते आणि त्यातल्या काही गोष्टी बाळाला बऱ्या नसतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही, गुटी नाही. वर्षाच्या आत मध अजिबात चाटवायचा नाही, त्यातून जंतूंची विषबाधा होऊ शकते. डोळ्यात काजळ नको, नाका-कानात तेल नको, धुरी नको.

आता हे आईला सांगायचं कसं? 'तुला काही कळत नाही' म्हणालात की संपलं, ती दोन दिवस जेवणार नाही. तिचा हात अडवायचा नाही, दुसरीकडे वळवायचा. काजळ घालायचंय ना, डोळ्यात नको, तळपायाला तीट लाव. धुरी नको, पण अंघोळीआधी तेल तूच लाव, तुझ्यासारखं आम्हाला जमत नाही. हे खोटं पण नाही. आणि शेवटचं हत्यार 'डॉक्टर म्हणाले', ते जपून वापरा, रोज वापरलं की त्याची धार जाते.

राग आला असेल तर

आई चिडली हे तोंडावरून नाही, भांड्यांवरून ओळखायचं. ताटल्या मांडणीत नेहमीपेक्षा जोरात जातात. 'कर तुला काय करायचं ते' याचा अर्थ करू नकोस. 'राहू दे, मीच करते' याचा अर्थ आत्ता उठ. 'मी काय बोलणार बाबा' म्हणजे आता अर्धा तास बोलणार आहे.

यात सॉरी म्हणून उपयोग नाही, 'कशाबद्दल?' असा उलटा प्रश्न येतो आणि मग तुम्ही अडकता. बारावीच्या वर्षी मी तिच्याशी इतकं भांडलो की ती म्हणाली आता माझ्याशी बोलू नकोस, आणि खरंच बोलली नाही. पण रात्री अभ्यासाच्या टेबलावर, आवाज न करता, पोह्यांची ताटली ठेवून गेली, वर ओलं खोबरं. अशा वेळी करायचं एवढंच की ताटली संपवायची, स्वतः विसळून ठेवायची आणि म्हणायचं 'अजून आहेत का?'

श्रावणात

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होते, ती मुलांसाठीच असते. पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळायचं. मुलं परगावी असतील तर चारी दिशांना अक्षता टाकून त्यांना ओवाळलं असं समजायचं. आमच्या आईच्या अक्षता उत्तरेकडे जरा जास्त पडतात असं वडील म्हणतात, पुणं तिकडे आहे ना.

आणि श्रावणी अमावस्येची पिठोरी, ती माझ्या सासरी, रायगड जिल्ह्यात बघितली. सासूबाई खीर-पुरीचं वाण खांद्यावरून मागे धरतात आणि मागे न बघता विचारतात, 'अतीत कोण?', म्हणजे अतिथी कोण. मागे उभं असलेल्या पोराने आपलं नाव सांगायचं आणि वाण घ्यायचं. बायको ३३ वर्षांची आहे, पण त्या दिवशी ड्युटी बदलून जाते आणि मागे उभी राहते. गेल्या वर्षी सुट्टी मिळाली नाही तर फोन स्पीकरवर ठेवून नाव सांगितलं आणि वाण भावाने खाल्लं, त्यावर अजून बोलणं चालू आहे.

तिच्या तब्येतीचं

या प्रेमाचा एक तोटा म्हणजे आई स्वतःचं दुखणं लपवते. 'बरी आहेस ना' याला 'मला काय धाड भरलीय' हेच उत्तर येणार. त्यामुळे तसं विचारूच नका. मी गोळ्यांचं गणित विचारतो. एक तारखेला बीपीच्या ३० गोळ्या आणल्या, रोज एक, म्हणजे २० तारखेच्या रात्री १० उरायला हव्यात. 'आई पाकीट आण आणि मोज.' एकदा १७ निघाल्या. मग कळलं की 'आज बरं वाटतंय, कशाला उगीच' म्हणून सोडून देत होती, शिवाय महाग आहेत, शिवाय तुझे पैसे. आता वडिलांना रोज रात्री रिकाम्या खाचेचा फोटो पाठवायचं काम दिलंय. आईला वाटतं बाप-लेक काहीतरी शेअर मार्केटचं बोलतात.

डबा परत करताना

शेवटचं. आईचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे तिनेच शिकवलेलं, शेजारचा डबासुद्धा ती कधी रिकामा देत नाही, काही नसलं तर चमचाभर साखर टाकते. मी इतकी वर्षं धुवून, पुसून, रिकामेच नेत होतो आणि ती काही बोलत नव्हती. या वर्षी पहिल्यांदा त्यात माझे डिंकाचे लाडू भरून पाठवले, अकरा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. 'गूळ जास्त झालाय. आन् डिंक उन्हात ठेवला नव्हतास, कळतंय.' म्हटलं बरं, पुढच्या वेळी ठेवतो. चार दिवसांनी वडिलांना विचारलं तुम्ही किती खाल्ले, तर म्हणाले मला एकच मिळाला, बाकीचे तिने वरच्या फळीवर ठेवलेत आणि आल्यागेल्याला डबा उघडून दाखवतेय.